शिंगराचा पाय, दोरी आणि भीती

यात्रेत घोडे बघायला गेलात तर एकदा मान खाली घालून नुसते पाय बघत फिरा. खुराच्या वर आणि घोट्याच्या खाली जो अरुंद भाग असतो, तिथं कितीतरी घोड्यांना पांढऱ्या केसांचं कडं दिसेल. तांबड्या-काळ्या पायावर कुणी चुन्याचं बोट फिरवावं तसं. नवख्याला ती जन्मखूण वाटते. पण तिथं कधीतरी दोरी कातडीत उतरलेली असते. जखम भरते, केस परत येतात, त्यांचा रंग मात्र परत येत नाही.

माझ्या पहिल्या शिंगराच्या मागच्या डाव्या पायाला असं कडं होतं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत पडलं. दीड वर्षाचं कुमैत (तांबूस अंगाचं, काळ्या आयाळीचं) शिंगरू, खूर छाटायला पाय देत नव्हतं. एका जाणत्या माणसाला बोलावलं. त्यानं नायलॉनच्या दोरीचा फास पायात टाकला, दुसरं टोक आंब्याच्या बुंध्याला बांधलं आणि बाजूला येऊन उभा राहिला. "दमलं की आपोआप गप्प हुतंय बघा," म्हणाला. शिंगरू उधळलं, पडलं, उठलं, परत पडलं. अर्ध्या तासानं थांबलं. घामानं पांढरं झालेलं, चारी पाय फाकवून उभं, मान ताठ. आम्हाला वाटलं, शिकलं. दिवाळीला झालेली ती जखम होळीला भरली. आणि त्यानंतर कितीतरी महिने मी खांद्यावर टॉवेल टाकून गोठ्यात गेलो तरी ते भिंतीला जाऊन चिकटायचं.

घोडं हलायचं थांबलं म्हणजे शांत झालं असं नाही, हे मला त्या पायानं शिकवलं. पायबंद शिकवण्याचं सगळं कसब एवढ्या एका फरकात आहे. म्हणून तोच जरा विस्तारानं सांगतो.

आधी शब्द स्वच्छ करून घेऊ. पुढचे दोन पाय एकमेकांना बांधतात तो पायबंद; घोडं तुकड्या-तुकड्यानं पाऊल टाकू शकतं, चरू शकतं, पण सरळ पळू शकत नाही. मागच्या पायांच्या दोऱ्या मागच्या खुंट्यांना बांधतात ती पिछाडी, आणि म्होरकीपासून, म्हणजे तोंडावर बांधलेल्या दोरीच्या पट्ट्यापासून, पुढं दोन बाजूंना जाते ती अगाडी. मराठ्यांच्या छावणीत भिंती कुठल्या, तबेले कुठले! शेकडो घोडी उघड्या माळावर रांगेनं याच दोऱ्यांवर उभी असत. एखाद्या गोष्टीला पायबंद घातला, असं आपण आजही म्हणतो तेव्हा बोलतो ती घोडदळाच्या पागेचीच भाषा. पागेत मात्र ही दोरी घोड्याला रोजची असे, लहानपणापासून सरावाची. शब्द आपल्यापर्यंत आला, तो सराव वाटेत सांडला.

आपल्याकडं दुसरीही एक अडचण आहे, आणि ती कुणी फारशी बोलत नाही. कोल्हापूर जिल्हा बैलांचा आणि म्हशींचा. आपले हात त्यांच्यावर शिकलेले. बैलाच्या खुराला लोखंडी पत्री (नाल) मारायची असली की चौघं मिळून कासरा घालून त्याला आडवा पाडतात, पाय आवळतात, पत्री मारून झाली की सोडतात. बैल उठतो, अंग झाडतो, वैरणीला लागतो. हे बघितलेला माणूस घोड्याकडंही त्याच हिशोबानं बघतो. पण बैलाकडं शिंगं आहेत, तो पाय रोवून सामना करू शकतो. घोड्याला देवानं एकच हत्यार दिलंय, पळणं. दुगाणी झाडायची तीसुद्धा पळायची वाट मोकळी व्हावी म्हणून. जन्मल्यावर तास-दोन तासांत शिंगरू उभं राहतं आणि त्याच दिवशी आईच्या मागं धावायला लागतं, कारण रानात जे पळालं नाही ते जगलं नाही. त्या जनावराचा पाय अडकला म्हणजे नुसती गैरसोय झाली असं त्याला वाटत नाही. वाघानं धरलं, असंच वाटतं.

पायाची रचनाही समजून घ्यायला हवी. पुढच्या पायात गुडघ्याच्या खाली आणि मागच्या पायात ढोपराच्या (मधल्या मोठ्या सांध्याच्या) खाली मांस जवळजवळ नसतंच. हाड, त्यावरून जाणाऱ्या दोरखंडासारख्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे), आणि वर पातळ कातडी. दोरी घासली की ती थेट कामाच्या जागी पोचते. तिथं रक्तपुरवठा बेताचा, हालचाल सतत, म्हणून जखम हळू भरते आणि भरताना जास्तीचं मांस गाठीसारखं वर येतं. त्यात घोड्याला धनुर्वाताचा धोका इतर जनावरांपेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा शिंगराच्या पायाला पहिली दोरी लावायच्या आधी धनुर्वाताची लस झालेली असावी. तुमच्या डॉक्टरांना विचारून ती तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा.

वयाचं विचाराल तर पायाला हात लावण्याची, पाय उचलण्याची सवय जन्मल्यापासून पहिल्या आठवड्यांत सुरू करावी. दोरीचे धडे वर्षानंतर. प्रत्यक्ष दोन पाय बांधणं दोन-अडीच वर्षांच्या आत नको. गुडघ्याच्या वरचं हाड तोपर्यंत वाढतच असतं, मणके तर पाच-साडेपाच वर्षांपर्यंत. कोवळ्या सांध्याला एकदा झटका बसला की पुढं आयुष्यभर डॉक्टर.

आता घोडं शिकतं कसं, ते बघू. तुम्ही घोड्याच्या बरगडीला बोट टेकवून हळूच दाबलंत तर कोरं शिंगरू बाजूला सरकत नाही, उलट बोटावर रेलतं. दाब आला की त्याच्यावर चालून जायचं, ओढलं की उलट ओढायचं, हा त्याचा जन्मजात स्वभाव. पण बोट तसंच ठेवलंत, जोर वाढवला नाहीत, आणि ज्या क्षणी त्यानं रेसभर अंग काढून घेतलं त्या क्षणी बोट उचललंत, तर पाच-सहा वेळांत त्याच्या ध्यानात येतं: मी सैल झालो की दाब जातो. त्याला शिकवतं ते दाब जाणं, दाब येणं नव्हे. म्हणून वेळ साधणं महत्त्वाचं. शिंगरानं पाय सैल सोडला आणि तुम्ही दोन-तीन सेकंद विचार करत राहिलात, तेवढ्यात त्यानं पाय आखडला आणि मग तुम्ही ढील दिलीत, तर तो आखडायला शिकला. चूक त्याची नाही.

दुसरी गोष्ट भीतीची. प्रत्येक जनावराला भीतीचा एक उंबरठा असतो. त्याच्या अलीकडं जनावर विचार करतं, पलीकडं गेलं की फक्त पळतं. पलीकडं असताना तुम्ही काय शिकवताय ते त्याच्या डोक्यात जात नाही. जातं ते एवढंच, की दोरी आणि हा माणूस आला की जीव जायची वेळ येते. आणि घोड्याची वाईट आठवण फार टिकाऊ असते. म्हणून सगळा धडा उंबरठ्याच्या अलीकडं बसवायचा. आज एवढंच, उद्या त्याच्या पुढं बोटभर.

माझी आत्ताची घोडी, हरणी, अडीच वर्षांची झाल्यावर मी तिला दोरी दाखवली. जागा निवडली नांगरून ढेकळं फोडलेल्या रानात. दगड नाही, तारेचं कुंपण जवळ नाही, विहीर नाही, रस्त्याचा आवाज नाही. काँक्रीटच्या अंगणात हा धडा कधी घेऊ नका, घोडं पडलं तर गुडघे फुटतात. वेळ सकाळची, वैरण खाऊन झाल्यावर, थोडं फिरवून आणल्यावर. भुकेल्या किंवा दोन दिवस कोंडलेल्या शिंगराकडून शांतपणाची अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे. बरोबर एक माणूस हवाच, म्होरकीची दोरी सैल हातात धरून, तुम्ही ज्या बाजूला आहात त्याच बाजूला उभा. घोडं खुंट्याला किंवा झाडाला बांधून हा धडा देऊ नये. पाय अडकलेला आणि डोकंही अडकलेलं, मग त्याला जायला जागाच उरत नाही. पायात बूट, हातात हातमोजे, डोक्यावर हेल्मेट, खिशात धारदार चाकू. आणि दोरीचा वेढा हाताला कधीही गुंडाळू नका. हे वाक्य मी दोनदा लिहिणार होतो.

दोरी जाड, सुती, अंगठ्याएवढी, पीळ सैल असलेली, बारा-पंधरा फूट. नायलॉन नको. ती घासली की भाजते, आणि गाठ बसली की सुटत नाही.

पहिले आठ दिवस हरणीच्या पायात दोरी घातलीच नाही. नुसती अंगावरून फिरवली. मानेवरून, पाठीवरून, पोटाखालून, मग खांद्यापासून हळूहळू खाली. दोरी गुडघ्याशी गेली की ती पाय आपटायची. तिथंच थांबायचं, मागं घ्यायची नाही आणि पुढंही रेटायची नाही. पाय टेकला, स्थिर झाला, की दोरी काढायची आणि मानेच्या बुडाशी, आयाळीखाली खाजवायचं. तिथं खाजवलं की घोड्याला बरं वाटतं. दोन घोडी प्रेमात असली की एकमेकांची तीच जागा खाजवतात. डावीकडून झालं की सगळं पुन्हा उजवीकडून, अगदी पहिल्यापासून. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, एका बाजूनं ओळखीची झालेली वस्तू दुसऱ्या बाजूनं आली की त्याला ती नवी वाटू शकते. उजवी बाजू सोडून दिलेली घोडी मी इतकी पाहिलीत की आता कुणाचं शिंगरू डावीकडून हात लावू देतं म्हटलं तर मी मुद्दाम उजवीकडं जातो.

मग खरा धडा. दोरी पुढच्या एका पायाच्या मागून, घोट्याच्या खालून घ्यायची आणि दोन्ही टोकं आपल्या हातात धरायची. गाठ नाही, फास नाही. एक टोक सोडलं की दोरी आपोआप मोकळी. खांद्याच्या थोडं पुढं, बाजूला उभं राहायचं, समोर नाही. आणि आता दोरी एवढीच ताणायची की पायाला ती जाणवावी. ओढायचं नाही. वाट बघायची.

इथं बहुतेकांचा धीर सुटतो. हरणीनं पहिल्यांदा पाय जमिनीत रोवला. मी ताण तसाच ठेवला. तिनं मान वर केली, कान माझ्याकडं वळवले, फुरफुरली. मी तसाच. मग मला खांद्याच्या कातडीखाली काहीतरी हललेलं दिसलं. तिनं वजन दुसऱ्या पायावर घेतलं होतं. पाय उचललाही नव्हता, नुसता हलका केला होता. तेवढ्यावर मी दोरी ढिली सोडली. तिनं एक लांब श्वास सोडला आणि मान खाली केली. दुसऱ्यांदा तेवढाच वेळ लागला, तिसऱ्यांदा निम्मा. पाचव्या-सहाव्या वेळी दोरीला ताण यायच्या आत तिनं खूर उचलून माझ्याकडं पुढं टाकला. त्या दिवशी तिथंच थांबलो. अजून एकदा करून बघू, असं वाटतं ना, तेव्हाच थांबायचं.

पुढचे दिवस तेच, वेगवेगळ्या दिशांनी. पायानं पुढं ये, पायानं बाजूला ये, एक पाऊल मागं जा. नुसत्या पायातल्या दोरीनं घोडी चार-पाच पावलं आपल्यामागं चालत आली म्हणजे तिला कळलं की पायावरचा दाब हा एक निरोप आहे, सापळा नव्हे. मग दोरीनं पाय उचलून धरायचा, दोन सेकंद, खाली. पाच सेकंद, खाली. ती झटका देत असताना पाय सोडायचा नाही, दोरीला थोडी जागा द्यायची, आणि झटका थांबला की खाली ठेवायचा. तो आदळू द्यायचा नाही, सावकाश टेकवायचा.

मागच्या पायांना हाच धडा, पण दोरी वीस फूट आणि आपण लाथेच्या टापूच्या बाहेर, बाजूला. घोड्याला बरोबर शेपटामागचं दिसत नाही. तिथं उभं राहून काही करणं म्हणजे लाथ मागून घेणं. मागच्या पायांना मी दुप्पट दिवस देतो.

मला विचाराल तर, इथपर्यंतचा धडा प्रत्येक शिंगराला झालाच पाहिजे. पुढचा, म्हणजे दोन पाय प्रत्यक्ष बांधण्याचा, ऐच्छिक आहे. ज्याच्याकडं कुंपण आहे, ठाण आहे, त्याला पायबंद घालायची वेळ वर्षातून दोनदाही येणार नाही. पण शिवारात ठिबकच्या नळ्या, विहिरीवरच्या मोटरीच्या केबली, द्राक्षबागेच्या किंवा कुंपणाच्या तारा पसरलेल्या असतात. पाय अडकल्यावर जे घोडं थांबून वाट बघतं त्याचा पाय वाचतो, जे उधळतं त्याची कंडरा तुटते. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद येतो, त्याच्या कमरेलाही याच धड्याचा फायदा. डॉक्टरला पायाला पट्टी बांधायची असते. घोडं ट्रकमध्ये चढवायचं असतं. हे सगळं एकाच दोरीला बांधलेलं आहे.

ज्यांना पायबंदापर्यंत जायचंय त्यांच्यासाठी पुढचं.

पायबंद रुंद हवा. दोन-अडीच इंच रुंद मऊ कातड्याचे दोन पट्टे, आतून नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) शिवलेला, मध्ये छोटा दुवा, आणि एका हातानं सुटेल असं बक्कल. कोल्हापुरात कातड्यात काम करणारे हात कमी नाहीत; नमुना कागदावर काढून नेला तर चांगला कारागीर सहज शिवून देतो. फक्त चपलेचं कडक कमावलेलं कातडं वापरू नका म्हणून सांगा. ते करकरतं आणि कडेनं कापतं. माझा पहिला जोड तसाच करकरायचा आणि हरणीला बांधण्यापेक्षा त्या आवाजाचीच भीती जास्त वाटली. मी तो चार दिवस तिच्या वैरणीच्या गव्हाणीवर अडकवून ठेवला. खाताना रोज नाकानं ढकलून आवाज ऐकला, मग विषय संपला.

पट्ट्यात आणि पायात एक बोट सैल जावं. दोन पायांत तेवढंच अंतर ठेवावं जेवढं ती स्वतः नीट उभी असताना ठेवते. जवळ ओढून बांधलं की तोल जातो. आधी एकाच पायात पट्टा घालून चालवा, मग दुसऱ्या पायात, मग दोन्ही पण दुवा न जोडता. जोडल्यावर लगेच चालायला लावू नका. म्होरकी सैल धरून उभं राहा आणि तिला स्वतः शोधू द्या. ती पाऊल टाकेल, अडेल, खाली वास घेईल. इथं आधीचा सगळा धडा कामाला येतो. पायावर दाब आला, तिनं तो सैल केला, दाब गेला. कुणी सोडवलं नाही, तिचं तिनंच सोडवलं. दोन मिनिटं पुरे. दुसऱ्या दिवशी पाच. महिनाभरानं पंधरा-वीस, तेही डोळ्यांसमोर. दोन उड्या मारल्या तर घाबरू नका, ओरडू नका, म्होरकी हिसकू नका. पण तिसरी, चौथी उडी आली तर तुम्ही घाईत पुढं आलायत. सोडा आणि मागच्या पायरीवर जा.

आता तो फरक, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. शांत उभं असलेलं घोडं मान खांद्याच्या रेषेत किंवा खाली ठेवतं. कान सुटे, एक इकडं एक तिकडं, आवाजाला वळणारे. खालचा ओठ सैल. पापणी मधून मधून मिटते. माशी बसली की कातडी थरथरवतं, शेपूट हलवतं. हाक मारली की बघतं. आणि भीतीनं गोठलेलं घोडंही हलत नाही! पण त्याचे ओठ आवळलेले, नाकपुड्या कोनासारख्या ताणलेल्या, डोळ्यांच्या वर सुरकुत्या, मान ताठ. सगळ्यात वाईट म्हणजे माशी बसली तरी हलत नाही, हाकेला कान वळत नाही. ते आत कुठंतरी निघून गेलेलं असतं. आपण काहीही केलं तरी सुटका नाही हे पटलं की जनावर प्रयत्न सोडून देतं, आणि बघणारा म्हणतो, काय गुणी घोडं आहे. माझं पहिलं शिंगरू त्या आंब्याखाली असंच उभं होतं.

डोळ्यांवर भरवसा नसेल तर नाडी बघा. खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला, जिथं गाल संपतो तिथं, दोन बोटं ठेवून हळू सरकवलीत की पेन्सिलीएवढी जाड एक दोरीसारखी शीर बोटाखालून निसटते. तीच नाडी. मोठ्या घोड्याची आरामात असताना मिनिटाला साधारण २८ ते ४४ ठोके पडतात, तरुण घोड्याची थोडी जास्त. आठवडाभर रोज सकाळी मोजून तुमच्या जनावराचा आकडा वहीत लिहून ठेवा. मग पायबंद घातल्यावर मोजा. सुरुवातीला वाढेल, पण दोन-तीन मिनिटांत खाली यायला हवी. घोडी पुतळ्यासारखी उभी आहे आणि बोटाखाली नाडी धावतेय, तर ती शांत नाही. सोडा.

काही ठिकाणी हा धडा देऊच नये. गाभण घोडी शेवटच्या महिन्यांत असताना, लंगडत असताना, आंधळ्या किंवा एका डोळ्यानं अधू जनावराला, आणि ज्याच्या पायाला आधीच ते पांढरं कडं आहे त्याला. कडं असलेल्या घोड्याला शिकवायचंच झालं तर जाणकाराच्या देखरेखीखाली, पहिल्या पायरीपासून, आणि त्याला जमेल तेवढंच. मोठी शस्त्रक्रिया किंवा टाके असतील तर डॉक्टर गुंगीचं इंजेक्शन देतात. त्याला पर्याय म्हणून घोडं पाडायचे दिवस गेले.

पायबंद ही राखण नव्हे, हेही ध्यानात ठेवा. पुढचे दोन पाय बांधलेलं घोडं दोन्ही पाय एकदम उचलून चांगलं वेगानं उड्या मारत जाऊ शकतं, आणि उघड्या विहिरीपर्यंत पोचू शकतं. पायबंद घालून जेवायला जाऊ नका. रात्रभर तर मुळीच नको. घोडं उभ्यानं डुलकी घेतं हे खरं, पण गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय लागत नाही आणि ती रोज साधारण अर्धा तास तरी लागते. अगाडी-पिछाडी आखूड बांधून जे घोडं महिनोन्महिने आडवं होऊ शकत नाही, ते उभ्या उभ्या गुडघ्यात मोडून पडतं. गुडघ्यांच्या पुढच्या बाजूला केस गेलेले, खरचटलेलं दिसलं तर मालकाला एकदा विचारा, हे झोपतं कधी? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये जनावर गैरवाजवी आखूड किंवा जड दोरीनं, साखळीनं, गैरवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. कायदा नसता तरी उत्तर तेच असतं.

पावसाळ्याबद्दल आपल्या भागात वेगळं बोलावं लागतं. सुती दोरी भिजली की आखडते, गाठ दगडासारखी बसते. चिखलात पट्ट्याखालची कातडी दोन दिवसांत पांढरी पडून सोलते. जून ते सप्टेंबर माझे पायबंद भिंतीवर टांगलेले असतात. आणि पुराचं तर काय सांगायचं! २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा आंबेवाडी-चिखलीकडं पाणी कसं चढलं ते आपण पाहिलंय. दाव्याला बांधलेली जनावरं किती गेली तेही. घोडं चांगलं पोहतं, पण मोकळ्या पायांनी. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकतंय अशी बातमी आली की नदीकाठच्या माणसानं आधी अगाडी-पिछाडी, पायबंद, सगळं सोडून घोडं उंचावर न्यावं. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नये. त्या रात्री अंधारात, पाण्यात उभं राहून, भिजलेली गाठ सुटत नाही.

कधी वाटतं, एवढा वेळ कुणाला आहे? शाहू महाराज ज्या खडखड्यातून फिरत, ती मुळात नवी घोडी जुंपणीला सरावायची गाडी. घोडं शिकवणं हे राजालाही हातानं करायचं काम वाटत होतं. हरणीला दोरीपासून पायबंदापर्यंत पोचायला सात आठवडे लागले, रोज वीस मिनिटं. त्या पहिल्या शिंगराची जखम धुवायला मला रोज त्याहून जास्त वेळ लागत होता.

शेवटचं राहिलं, आणि ते लोक हमखास विसरतात: काढणं. पायबंद सुटला की घोडं मोकळं झाल्याच्या आनंदात उसळतं, आणि खाली वाकलेल्या माणसाचं डोकं नेमकं त्याच्या गुडघ्यासमोर असतं. म्हणून वाकताना बाजूला राहायचं, एक गुडघाही जमिनीला टेकवायचा नाही. आधी दुवा सोडायचा, मग आपल्याकडचा पट्टा, मग फिरून दुसऱ्या बाजूला जाऊन दुसरा. काढताना तिनं पाय आपटला तर हात तिथंच थांबवायचा आणि ती थांबली की सोडायचा. सगळं निघाल्यावर लगेच चालवायचं नाही. तिथंच उभं राहून आयाळीखाली खाजवायचं, अर्धा मिनिट, एक मिनिट.

काल संध्याकाळी मी हरणीचे दोन्ही पट्टे काढून खांद्यावर टाकले. ती बांधावरच्या गवताकडं बघत तशीच उभी होती, मागचा एक पाय टेकलेला, खालचा ओठ लोंबता. मी चार पावलं गेलो तेव्हा मागून तिच्या टापांचा आवाज आला.